वाढईच्या अंगणातील शिकवणी : छंद म्हणून सुतारकाम शिकण्याचा इतिहास

१/
भंडारा जिल्ह्यात एखाद्याला तबला शिकायचा असेल, चित्रकला शिकायची असेल, संगणक किंवा इंग्रजी संभाषण शिकायचे असेल, तर शिकवणी सापडते. मात्र बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणाला किंवा निवृत्त शिक्षिकेला केवळ आवड म्हणून सुतारकाम शिकायचे असेल, तर कोणाकडे जावे हे चटकन सांगता येत नाही. हा सारा मुलूख 'झाडीपट्टी' म्हणून, म्हणजे झाडांच्याच नावाने, ओळखला जातो. अशा मुलुखात लाकडाचे काम शिकवणारे दार का सापडू नये? या प्रश्नाची मुळे किमान दीडशे वर्षे मागे जातात. हा थ्रेड त्याविषयी.

२/
आधी शब्द पाहू. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला 'सुतार' म्हणतात, त्याला विदर्भात 'वाढई' असेही म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले आहेत. 'सूत्रधार' म्हणजे मापाचे सूत धरणारा. त्याचे झाले सुतार. 'वर्धकी' म्हणजे लाकूड कापणारा व जोडणारा. त्याचे प्राकृतातून झाले वाढई, आणि हिंदीत बढई. 'मानसार' या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात बांधकाम करणाऱ्यांचे चार प्रकार दिले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. म्हणजे लाकडाच्या कामाला ग्रंथात स्थान होते. तरीही त्या ग्रंथांतून कोणी सुतारकाम शिकत नसे. ते शिकण्याची जागा वेगळी होती.

३/
ती जागा म्हणजे वाढईचे अंगण. गावगाड्यात वाढई हा बलुतेदार. शेतकऱ्याचा नांगर, वखर, बैलगाडी, दाराची चौकट, पाळणा, पाट ही सारी त्याची कामे. मोबदला बहुधा सुगीच्या वेळी धान्यात मिळे. कोणत्या कामाला कोणते लाकूड, हे ज्ञान त्याच्याकडे होते : चौकटीला आणि तुळईला सागवान, गाडीच्या व औतांच्या दणकट भागांना तिवस किंवा बाभूळ, हलक्या फळ्यांना शिवण. चाकाचा तुंबा कोरून त्यात आरे बसवायचे, तर कोन थोडाही चुकून चालत नाही. हा हिशेब कागदावर होत नसे. तो डोळ्यात आणि हातात असे.

४/
हे ज्ञान पुढच्या पिढीत कसे जाई? मुलगा आधी भुसा गोळा करी, मग लाकूड धरून ठेवी, मग वाकस चालवण्याची परवानगी मिळे. पटाशीला धार लावता येईपर्यंत पटाशी हाती येत नसे. 'असे का' हे कोणी समजावून सांगत नसे. पाहून शिकायचे आणि चुकले की पुन्हा करायचे. या पद्धतीत काळाची घाई नव्हती, त्यामुळे ती परिणामकारक होती. पण ती जातीच्या आणि घराच्या कुंपणात होती. दुसऱ्या जातीचा मुलगा, किंवा वाढईचीच मुलगी, त्या अंगणात शिष्य म्हणून बसण्याची कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. 'आवड' हे शिकण्याचे कारण असू शकते, हेही तिला ठाऊक नव्हते.

५/
झाडीपट्टीच्या या भागाला हाताच्या ज्ञानाची दुसरी मोठी परंपराही आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. त्यांतले अनेक जुने तलाव कोहळी समाजाने, अभियांत्रिकीचे कोणतेही विद्यालय नसताना, जमिनीचा उतार ओळखून बांधले. तलाव असोत की गाडीची चाके, जाणकार होते. पण त्यांना 'शिक्षक' म्हणणारी संस्था नव्हती. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

६/
एकोणिसाव्या शतकात दोन बदल झाले. पहिला जंगलात. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाचा मोठा भाग सरकारी ताब्यात गेला. रेल्वेला स्लीपर हवे होते, लाकडाला बाजारभाव आला, आणि गावकऱ्याला लागणारे लाकूड ही हक्काऐवजी सवलतीची बाब झाली. विदर्भात आजही वापरात असलेला 'निस्तार' हा शब्द याच इतिहासाचा अवशेष आहे : घर, शेती आणि सरपण यांसाठी गावाला जंगलातून मिळणारा ठरावीक वाटा. लाकूड जपून वापरायचे झाले की शिकाऱ्याने फुकट घालवायला लाकूड उरत नाही. आणि लाकूड फुकट घालवल्यावाचून कोणी सुतारकाम शिकत नाही.

७/
दुसरा बदल शहरात. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग तेथे शिकवू लागले. रुडयार्ड किपलिंग त्यांचे पुत्र. १८९१ मध्ये याच संस्थेत 'रे आर्ट वर्कशॉप' उभे राहिले आणि लाकडावरील कोरीव कामासारख्या कलांचे शिक्षण सुरू झाले. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, तर १८९० मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले. घराबाहेर, जातीबाहेर आणि वेळापत्रकानुसार हातकाम शिकवण्याची सोय पश्चिम भारतात होऊ लागली.

८/
मात्र या संस्थांना हवा होता कारागीर किंवा तंत्रज्ञ. १८८० मध्ये जॉर्ज बर्डवूड यांनी भारतीय हस्तकलांवरील आपल्या ग्रंथात गावच्या कारागिराचे मनापासून कौतुक केले. त्याच काळात वसाहतीच्या शाळा त्याच कारागिराच्या मुलाला आधी कागदावर रेखाटन शिकवू पाहत होत्या. शाळेत रेखाटन आधी आणि लाकूड नंतर असा क्रम असे. वाढईच्या अंगणात लाकूड आधी असे. रेखाटन बहुधा नसेच. या दोन क्रमांतला ताण आजपर्यंत मिटलेला नाही. आवडीने शिकू पाहणारा माणूस या दोन्ही ठिकाणी हिशेबात नव्हता.

९/
मग 'हौशी सुतार' ही व्यक्ती इतिहासात आली कोठून? इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन यांनी १६७८ च्या सुमारास जोडकामासह अनेक हस्तोद्योगांची माहिती छापील हप्त्यांतून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कारागिराच्या घराबाहेरच्या माणसालाही रंधा आणि पटाशी यांविषयी वाचता येऊ लागले. १८८९ मध्ये लंडनहून 'वर्क' नावाचे नियतकालिक निघाले. ते व्यावसायिक आणि हौशी अशा दोघांसाठी असल्याचे त्याच्या उपशीर्षकातच म्हटले होते. छापखाना, फावला वेळ आणि हत्यारे विकत घेण्याइतके उत्पन्न या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा हौशी सुतार जन्माला आला.

१०/
पण वाचून हात तयार होत नाही. ती अडचण स्वीडनमध्ये सोडवली गेली. नेस या गावच्या इस्टेटीवर ओटो सॉलोमन (१८४९–१९०७) यांनी १८७० च्या दशकात शिक्षकांसाठी 'स्लॉइड' नावाची हस्तकाम-शिक्षणपद्धती उभी केली. त्याआधी, १८६६ मध्ये, फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी हस्तकाम लोकशाळांत आले होते. नेसला देशोदेशींचे शिक्षक येत. त्यांत स्त्रियाही असत.

११/
स्लॉइडचे नियम साधे होते. सोप्याकडून अवघडाकडे जायचे. सुरुवात चाकूने करायची. प्रत्येक धड्यात पूर्ण वस्तू तयार व्हावी, निव्वळ सरावाचा तुकडा नको. वस्तू घरात उपयोगी पडावी आणि ती करणाऱ्याचीच असावी. विक्री हा हेतू नव्हता. हात, डोळा आणि लक्ष तयार होणे हा हेतू होता. सॉलोमन यांच्या मते हे शिकवायला निष्णात कारागिरापेक्षा प्रशिक्षित शिक्षक बरा. 'उपजीविकेसाठी नव्हे, तरी गांभीर्याने' लाकूडकाम शिकवण्याची ही पहिली पद्धतशीर रचना म्हणता येईल. तिची किंमतही पाहावी : कारागीर वर्गाच्या बाहेर राहिला.

१२/
आता दक्षिण आफ्रिकेत. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. त्याची सुमारे ११०० एकर जमीन हर्मन कॅलनबाख यांनी सत्याग्रहींना वापरायला दिली. कॅलनबाख हे व्यवसायाने वास्तुविशारद. त्यांना सुतारकाम येत असे. फार्मवर सुतारकाम जाणणारा आणखी एक रहिवासी होता, त्यामुळे तेथे सुतारकामाचा लहानसा वर्ग चाले. बाकांपासून पेट्यांपर्यंत अनेक वस्तू रहिवाशांनीच केल्या. बॅरिस्टर मोहनदास गांधी त्याच आश्रमजीवनात चपला करायला शिकले. ती विद्या कॅलनबाख एका ख्रिस्ती मठातून शिकून आले होते. ज्यांचा तो पिढीजात धंदा नव्हता अशा माणसांनी एकमेकांना शिकवलेले हे हातकाम पुढे थेट विदर्भापर्यंत पोहोचले.

१३/
२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, आराखडा दिला. साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला द्यायची शिफारस होती. मूलोद्योगांच्या यादीत सूतकताई-विणकाम, शेती, बागकाम, चामड्याचे काम यांबरोबर सुतारकामही होते. सर्व जातींच्या मुलांनी एका ओळीत बसून रंधा चालवावा ही कल्पना त्या काळी साधी नव्हती. चौथ्या पोस्टमध्ये ज्या कुंपणाचा उल्लेख आला, त्यावरच हा घाव होता.

१४/
परिषदेतच विरोधी सूर उमटला. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागवायचा, तर त्याच वस्तू करून जगणाऱ्या कारागिराशी शाळा स्पर्धा करणार नाही का, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी घेतला. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्लॉइडने विक्री नाकारून हा पेच टाळला होता. नई तालीमने स्वावलंबनाचा आग्रह धरून तो ओढवून घेतला. आज एखादा हौशी सुतार स्वतः केलेले पाट स्वस्तात विकू लागतो, तेव्हाही हाच प्रश्न लहान रूपात उभा राहतो.

१५/
भंडारा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा जिल्हा होता. नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर. वर्धा नागपूरच्या पलीकडे. या प्रांताच्या मंत्रिमंडळात शिक्षणाचे काम पाहणाऱ्या रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना मांडली आणि १९३८ मध्ये वर्ध्याला तिच्या शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. योजनेच्या नावापासूनच मुस्लिम लीगचा विरोध झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि योजनेमागचे राजकीय बळ ओसरले. स्वातंत्र्यानंतर नई तालीमचे नाव टिकले, पण पालकांना हवी होती नोकरीकडे नेणारी पुस्तकी शाळा. हळूहळू हातकाम वेळापत्रकाच्या कडेला गेले.

१६/
१९५० मध्ये भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आज आपण जिला आयटीआय म्हणून ओळखतो ती हीच. तिच्यातील सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. विशिष्ट जातीची अट नाही, हत्यारे मिळतात, प्रमाणपत्र मिळते. हा मोठाच लाभ. पण हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे आणि रोजगारासाठी आहे. तसे असणे योग्यही आहे. रविवारी दोन तास मोकळे असणाऱ्या माणसासाठी तो आखलेला नाही.

१७/
अलीकडच्या दोन घटना पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतारकाम त्यांत आहे. ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य. मात्र ही योजना आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्यासाठी आहे. दुसरी घटना, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण : सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, असे त्यात सुचवले आहे. वाढईला शिकवणारा मानण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे, निदान कागदावर तरी.

१८/
आता सर्व धागे एकत्र करू. वाढईच्या अंगणात ज्ञान होते, प्रवेश नव्हता. कलाशाळेत प्रवेश होता, पण क्रम कागदापासून सुरू होई. स्लॉइडने क्रम दिला आणि कारागिराला बाहेर ठेवले. नई तालीमने जातीचे कुंपण पाडू पाहिले, पण शाळेला विक्रीशी जोडले. आयटीआयने हक्काची जागा दिली, ती उपजीविकेसाठी. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. वाढईला नेहमी वस्तूचे पैसे मिळाले. शिकवण्याचे पैसे सहसा मिळाले नाहीत. भंडाऱ्यात सुतारकामाची शिकवणी सहज सापडत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे. जाणकार आहेत, पण शिकवणे हे काम म्हणून कधी मोजले गेले नाही.

१९/
दरम्यान वाढईचे कामही बदलले. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, लाकडी चाकाच्या जागी रबरी टायर, चौकटीच्या जागी लोखंड, फळीच्या जागी प्लायवूड. प्रवासाची रेंगी दिसेनाशी झाली. तुंब्यात आरे बसवू शकणारे हात आता वयस्क आहेत, आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढीने दुसरी वाट धरली असेल तर तिला दोष देता येत नाही. अशा वेळी बाहेरून शिकायला येणारा हौशी माणूस हा त्या ज्ञानाचा नवा वारस ठरू शकतो. अट एवढीच, की त्याने ते ज्ञान फुकट मागू नये.

२०/
म्हणून शिकवणी शोधताना इतिहासातूनच काही कसोट्या घेता येतात.

एक : शिकवणाऱ्याच्या हातात काम आहे का? त्याने केलेली दहा वर्षांपूर्वीची खिडकी आज कशी उघडते, ते पाहावे.

दोन : तो 'असे का' सांगतो का? रेषांच्या उलट रंधा मारला की लाकूड का उचकते, ओले लाकूड जोडले तर सांधा पुढे का फटतो, हे सांगणारा गुरू मिळाला तर वर्षे वाचतात. तो आपणहून सांगत नसेल, तर विचारावे. त्याला कोणी कधी विचारलेलेच नसते.

तीन : सुरुवात धार लावण्यापासून होते का? यंत्रापासून सुरू होणारी शिकवणी वस्तू लवकर देते, हात उशिरा देते.

चार : प्रत्येक टप्प्यावर एक पूर्ण वस्तू तयार होते का? ही सॉलोमन यांची कसोटी, आणि ती अजून टिकून आहे.

२१/
पाचवी कसोटी शिकणाऱ्यासाठी आहे. वाढईच्या एका दिवसाची मजुरी किती, हे आधी विचारावे आणि शिकवण्याच्या वेळेचा हिशेब त्या दराने करावा. मधल्या वेळात आलेल्या गिऱ्हाइकाचे काम आधी होईल, हे मान्य करावे. बिघडलेल्या लाकडाचे पैसे आपण द्यावेत. जवळच्या आयटीआयमध्ये अल्पमुदतीचा वर्ग आहे का याची चौकशी करावी. तेथील निदेशकांना गावोगावचे चांगले कारागीर ठाऊक असण्याची शक्यता असते. आणि लाकूड घेताना पावती घ्यावी, कारण सागवानाच्या वाहतुकीला वन खात्याचे नियम लागतात.

२२/
पहिली वस्तू कोणती करावी? विदर्भाकडे याचे तयार उत्तर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, येथे तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी नंदीबैल सजवून ओढत नेतात. परंपरा या सणाची सुरुवात नागपूरकर भोसल्यांच्या काळाशी जोडते. गावगाड्यातल्या वाढईच्या कामांत ही वस्तू निराळी आहे. तिने शेत नांगरले जात नाही आणि धान्य वाहिले जात नाही. ती मुलाच्या आनंदासाठी असते.

२३/
शिकाऱ्यासाठी हा बैल उत्तम धडा आहे. अंगाचा ठोकळा चारही बाजूंनी काटकोनात आणायचा, तर रंधा आणि गुण्या शिकावे लागतात. पाय बसवायला पटाशीने खाच घ्यावी लागते. आसासाठी गिरमिटाने सरळ भोक पाडावे लागते. ते तिरपे झाले तर बैल एका बाजूला ओढतो. चार चाके सारख्या व्यासाची कापावी लागतात. वशिंड आणि शिंगांचा आकार देताना लाकडाच्या रेषा ओळखाव्या लागतात, नाहीतर शिंग तुटते. यातली प्रत्येक चूक वस्तू चालवून पाहताच दिसते. ती दाखवायला परीक्षक लागत नाही.

२४/
पुढचा पोळा येईपर्यंत वेळ आहे. जिल्ह्यातल्या कोणत्या गावात लाकडी बैल आजही हाताने घडवले जातात, कोणाच्या घरी जुनी लाकडी चाके आहेत, कोणाच्या आजोबांकडे वाकस चालवण्याची कला होती, हे माहीत असेल तर त्यांच्या परवानगीने त्यांच्या हत्यारांची नावे, लाकडांची नावे आणि कामाचा क्रम लिहून घ्या. झाडी बोलीत ती नावे वेगळी असतील. जशी ऐकाल तशीच लिहा. या विषयाचा बराचसा इतिहास अजून लिहिलेला नाही, आणि तो सांगू शकणारी माणसे आज आपल्यात आहेत.

(थ्रेड समाप्त)